गणित सोडलंय आणि आयसरला जायचंय

प्रश्न : ताई, मी मूळची बार्शीची. सध्या लातूरला होस्टेलवर राहून बारावी करते, नीटची तयारी चालू आहे. दहावीला गणितात 91 होते, तरी सगळे म्हणाले म्हणून अकरावीला गणित सोडून पीसीबी घेतलं. गेल्या उन्हाळ्यात मामेबहिणीबरोबर पुण्यात पाषाणला जाऊन आयसर, म्हणजे केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, बघितलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. तिथला पाच वर्षांचा बीएस-एमएस हा ड्युअल डिग्रीचा कोर्स मला करायचाय. पण प्रवेशाच्या आयएटी परीक्षेत गणितसुद्धा असतं. मैत्रिणी म्हणतात, विसर आता. पप्पांचं कृषी सेवा केंद्र आहे. ते म्हणतात, एमबीबीएस नाही मिळालं तर बीएएमएस कर. आणि सायन्सच शिकायचं असेल तर बार्शीत तीन वर्षं बीएस्सी, पुढे दोन वर्षं एमएस्सी, तीही पाचच वर्षं होतात, मग त्यासाठी पुण्याला कशाला? आणि दोन डिग्र्या घेऊन नोकरी कुठली? मला उत्तर देता येत नाही. नीट सोडून देऊ का? फार उशीर झालाय का?

उत्तर : आधी गणिताचं बोलू, कारण तुझा जीव तिथे अडकलाय.

आयसरच्या बीएस-एमएससाठी बारावीला जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित या चारांपैकी किमान तीन विषय लागतात. तुझे तीन आहेत. बोर्डात 60 टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना 55), तेही तुला जड नाहीत. म्हणजे गणित सोडलं म्हणून अर्जच भरता येणार नाही, हे कोणी सांगितलं असेल तर ते चूक आहे.

पण पेपर मात्र चारही विषयांचा असतो. तीन तास, 60 प्रश्न, प्रत्येक विषयाचे 15. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा, एकूण 240. यात 'तीनच विषय सोडवते' अशी सवलत नाही, सगळ्यांची बेरीज होऊन एकच रँक लागतो. गणिताला हातच लावला नाहीस तर तू 180 गुणांची परीक्षा देशील आणि बाकीचे 240 ची. उलट पंधरातले सहा प्रश्न बरोबर आले आणि चार चुकले तरी पदरात 20 गुण पडतात. एवढ्याने पुष्कळ मुलं तुझ्या मागे जातील. पंधराच्या पंधरा सोडवायला तुला कोणी सांगितलेलं नाही.

तरीही गणित फक्त परीक्षेपुरतं करून टाकू नकोस, असं मी तुला कळकळीने सांगते. आयसरला गेल्यावर सुरुवातीला सगळ्यांना सगळं शिकावं लागतं. पुढे जीवशास्त्रात जाणाऱ्या मुलीलाही तिथे गणिताच्या वर्गात बसावं लागतं, शेजारी जेईईची तयारी करून आलेली मुलं असतात. 'गणित नको म्हणून बायो' असा विचार करून गेलेल्यांची पहिल्या वर्षी फार ओढाताण होते. तुझ्या पत्रात मात्र तू गणित नावडतं म्हणून सोडलं असं कुठेच लिहिलेलं नाहीस. लोक म्हणाले म्हणून सोडलंस. त्यामुळे मला तुझी काळजी कमी वाटते.

आणि ऐक, ते तुझं पूर्ण सुटलेलंही नाही. बारावीच्या जीवशास्त्रात प्राण्यांच्या संख्येच्या वाढीचा धडा आहे. तिथलं सूत्र तुला पाठ असणार : डीएन बाय डीटी बरोबर आरएन (एन म्हणजे संख्या, टी म्हणजे वेळ, आर म्हणजे वाढीचा दर). नीटला येतं म्हणून पाठ केलंस. पण ते म्हणतं काय? एवढंच, की या क्षणी संख्या किती वेगाने वाढतेय ते या क्षणी किती जण आहेत यावर ठरतं. जितके जास्त, तितकी वाढ जास्त. आता रसायनशास्त्राची वही उघड. पहिल्या कोटीच्या अभिक्रियेचा अर्धायुष्यकाल काढताना 0.693 भागिले के, म्हणजे अभिक्रियेचा वेग-स्थिरांक, करतेस ना? तोच 0.693 इकडेही आहे. 0.693 भागिले आर केलंस की संख्या दुप्पट व्हायला लागणारा वेळ मिळतो. चांगलं खाद्य मिळालं तर ई. कोलाय जिवाणू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात. एका जिवाणूपासून दहा तासांत तीस वेळा दुप्पट, म्हणजे 107 कोटींहून जास्त. (मांडून बघ, दोनाचा तिसावा घात.) एकीकडे पदार्थ संपत जातोय, दुसरीकडे जिवाणू वाढत चाललेत, आणि दोन्हीकडे तोच आकडा येतो, कारण दोन्हींचं मूळ समीकरण एकच आहे. ते समीकरण सोडवायला जे गणित लागतं, ते तू सोडलेलं अकरावी-बारावीचं गणित. गेली दीड वर्षं त्याची उत्तरं तू वापरतेयस, पद्धत तेवढी शिकायची राहिलीय.

तेव्हा त्यासाठी नवा क्लास लावू नकोस, पैसे तर मुळीच घालू नकोस. बालभारतीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं ऑनलाइन फुकट मिळतात. रोज रात्री जेवणानंतर अर्धा-पाऊण तास, वही-पेन घेऊन. आधी फलनं आणि आलेख, मग अवकलन, मग सोपं संकलन. त्यानंतर संभाव्यता, ती तुला आनुवंशिकतेमुळे निम्मी येतेच. सदिश भौतिकशास्त्रात झालेत. मॅट्रिक्स आठवडाभरात होतं. शांकव वगैरे वेळ उरला तर. मे महिन्याच्या सुरुवातीला नीट होते आणि गेली काही वर्षं आयएटी त्यानंतर तीन-पाच आठवड्यांनी येतेय. नीटचा पेपर संपला की बाकीची मुलं झोपा काढतात, तुला त्या आठवड्यांत फक्त गणित करायचंय. आणि आयएटीचे जुने पेपर आजच काढून बघ. त्यातले जीवशास्त्राचे प्रश्न नीटसारखे नसतात. एखादा प्रयोग दिलेला असतो, आलेख दिलेला असतो, यावरून काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही असं विचारतात. पाठांतराच्या जोरावर नीटच्या जीवशास्त्रात 360 पैकी 340 काढणारी मुलं तिथे अडखळतात. तुला असे प्रश्न सोडवताना मजा आली की वैताग आला, हे प्रामाणिकपणे स्वतःला विचार. या कोर्सबद्दल दुसऱ्या कुणाच्या मतापेक्षा ते उत्तर जास्त खरं असेल.

नीट सोडू नकोस. तीन विषयांचा अभ्यास समान आहे, त्यामुळे ती देण्याने तुझं काही जात नाही. सोडलीस तर मात्र घरात नको तो वाद सुरू होईल आणि सगळा अभ्यास त्या वादात जाईल.

आता पप्पांचा हिशेब. तीन अधिक दोन बरोबर पाच, मग फरक काय? हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला 'पप्पांना कळत नाही' असं म्हणून बाजूला सारू नकोस. बीएस्सी करून पुढे जाता येतंच. बीएस्सीनंतर जॅम नावाची परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सीला जाणारी मुलं गावोगावच्या कॉलेजांतून निघतात. तुझं यंदा आयसरचं जमलं नाही तर तो रस्ता तुझ्यासाठी आहे आणि तो कमी दर्जाचा नाही.

फरक आहे तो दुसऱ्या डिग्रीच्या कागदात नाही. 'पाच वर्षांत दोन डिग्र्या' हे ऐकायला एकावर एक मिळाल्यासारखं वाटतं, पण तसं समजून तिथे जाऊ नये. त्या कोर्सचं मर्म पाचव्या वर्षात आहे. त्या वर्षी जवळजवळ सगळा वेळ एका प्रश्नावर काम करायचं असतं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर मागच्या पानावर छापलेलं नसतं. आधीची चार वर्षं त्याचीच तयारी. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेत काम, ज्यांनी ते संशोधन केलंय त्यांच्याकडूनच वर्गात शिकणं, आणि विषय कोणता घ्यायचा ते दोन-एक वर्षं सगळं चाखून बघितल्यावर ठरवणं. साध्या बीएस्सीला हे सहसा मिळत नाही.

म्हणजे नेमकं काय, ते एकदा जवळून बघितलंय, ते सांगते. मी चोवीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवलं. माझी एक विद्यार्थिनी अशाच पाच वर्षांच्या कोर्सला होती. शेवटच्या वर्षी तिने मला तिची प्रयोगशाळा बघायला बोलावलं. खोलीत शिरल्याबरोबर शिजवलेल्या मक्याच्या पिठाचा आणि यीस्टचा आंबूस वास. फळमाश्यांचं ते खाणं. कापसाचा बोळा लावलेल्या शेकडो लहान बाटल्या रॅकमध्ये ओळीने, प्रत्येकीवर पेनाने तारीख. तिने एका बाटलीतल्या माश्या कार्बन डायऑक्साइडने गुंगवल्या, सूक्ष्मदर्शकाखाली पसरल्या आणि चित्रकलेच्या बारीक ब्रशने एकेक बाजूला करायला लागली. पोटाचं टोक काळं तो नर, आकाराने मोठी ती मादी. एवढंच. नर इकडे, माद्या तिकडे, आकडा वहीत. पंचवीस अंशांवर दहा-एक दिवसांत नवी पिढी, की पुन्हा मोजणी. चार महिने तिने हे केलं, आणि मग लक्षात आलं की दोन रॅकच्या चिठ्ठ्या तिच्याच हातून अदलाबदल झाल्या होत्या. चार महिन्यांचे आकडे गेले. मी विचारलं, मग काय केलंस? म्हणाली, "एक दिवस रडले बाई, दुसऱ्या दिवशी सरांना जाऊन सांगितलं, तिसऱ्या दिवशी नव्या बाटल्या भरल्या." बोलता बोलता तिची मोजणी चालूच होती.

तू पाषाणला इमारती बघितल्यास, हिरवळ बघितलीस, लायब्ररी बघितलीस. ते सगळं छान आहे. पण पाचव्या वर्षाचा दिवस असा असतो. हे वाचून तुला 'मलाही करायचंय' असं वाटलं तर जा. 'अरे बापरे, एवढंच?' असं वाटलं तरी त्यात कमीपणा नाही, पण मग हा कोर्स तुझा नव्हे. डॉक्टर व्हायचा कंटाळा आला म्हणून शास्त्रज्ञ, असं करू नकोस.

नोकरीचं पप्पांना सरळ सांग. या डिग्रीनंतर कॅम्पसमधूनच लगेच मोठ्या पगारावर नोकरी, असं गृहीत धरता येत नाही. काही मुलं डेटा, शिक्षण, औषध कंपन्या अशा ठिकाणी जातात, पण मुख्य वाट पीएचडीची. आणि पीएचडी म्हणजे वडिलांच्या पैशावर आणखी पाच वर्षं, अशी जी समजूत आपल्याकडे आहे ती खरी नाही. नेट ही परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची पाठ्यवृत्ती, मिळवलेल्या विद्यार्थ्याला जानेवारी 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये मिळतात, दोन वर्षांनंतर 42,000, घरभाडं वेगळं. परदेशात विज्ञानातल्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी भरावी लागत नाही, उलट विद्यापीठच पैसे देतं. आणि पाच वर्षांची एमएस हातात असली की थेट तिथे अर्ज करता येतो. कोर्स चालू असतानाही सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या मुलांना त्यात वर्षाला 80,000 रुपये असतात. त्यातले 60,000 हातात, 20,000 उन्हाळी प्रकल्पासाठी. आता कळलं ना, बोर्डाचे मार्क का महत्त्वाचे? लातूरला नीटच्या नादात मुलं बोर्ड हलक्यात घेतात. तू घेऊ नकोस. प्रॅक्टिकलची जर्नलसुद्धा नीट पूर्ण कर.

कागदांचं थोडं. ओबीसीत असशील तर राज्याचा नॉन-क्रीमी लेयर दाखला आयसरला चालणार नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातला लागतो आणि तो चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे 1 एप्रिलनंतर काढलेला. राज्याचा दाखला तीन वर्षं चालतो म्हणून लोक निर्धास्त असतात आणि ऐन वेळी धावपळ होते. तुझी जात केंद्राच्या यादीत आहे ना, तेही बघून घे, दोन्ही याद्या सारख्या नाहीत. एसईबीसीचा दाखला केंद्राच्या संस्थेत चालत नाही; तशा वेळी घरची शेती पाच एकरांच्या आत आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर केंद्राचा ईडब्ल्यूएस काढायचा. पप्पांना एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात सेतूत जायला सांग. आणि आयएटीचे अर्ज साधारण मार्चमध्ये सुरू होतात, तेव्हा तुझे बोर्डाचे पेपर चालू असतील. होस्टेलच्या खोलीत तारखेची चिठ्ठी लावून ठेव. या प्रवेशाला मुलाखत नाही, निबंध नाही, कुणाची शिफारस लागत नाही. त्यामुळे 'फॉर्म भरून देतो, ओळख लावतो' म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नकोस.

अर्ज एकच, आयसर सात. पुणे आणि कोलकाता 2006 ची, मग मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, शेवटची तिरुपती आणि ओडिशातलं बेऱ्हमपूर. पसंतीक्रम भरताना फक्त पुणे लिहून थांबू नकोस. मुली घराजवळ म्हणून तसं करतात आणि भोपाळला मिळाली असती ती जागाही घालवतात. तुला विज्ञान शिकायचं असेल तर सातही लिही. एवढं ध्यानात ठेव की कोलकात्याचं आयसर कोलकाता शहरात नाही, ते नदिया जिल्ह्यात मोहनपूरला आहे. नकाशा बघून, हवा बघून, रेल्वे बघून क्रम लाव.

बरोबरीने नेस्ट ही परीक्षाही दे. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईत कालिन्याला असलेलं सीईबीएस, या दोन संस्थांच्या पाच वर्षांच्या इंटिग्रेटेड एमएस्सीसाठी ती असते. तिथे चार विभागांपैकी सगळ्यात चांगल्या तीनांचे गुण धरतात. तुझ्यासारखीला ही मोठी सोय आहे, आणि होस्टेलवरच्या तुझ्या मैत्रिणींपैकी कितीजणींना ती ठाऊक आहे ते विचारून बघ. बंगळूरच्या आयआयएससीचा कोर्स मात्र तुला मिळणार नाही, तिथे बारावीला गणित लागतंच. त्याची हळहळ करत बसू नकोस.

उशीर झालाय का? दोन वर्षं हातात असती तर बरं झालं असतं, हे खरं. पण आता डिसेंबर आहे. रोज पाऊण तास धरला तरी मेपर्यंत शंभरावर तास होतात, आणि नीटनंतरचे आठवडे वेगळे. दहावीला 91 काढणाऱ्या मुलीला तेवढ्यात अवकलन येतं. मी येताना बघितलंय.

पप्पांशी बोलताना आयसर, बीएस-एमएस, ड्युअल डिग्री या शब्दांनी सुरुवात करू नकोस. संक्रांतीला घरी जाशील तेव्हा तास-दोन तास दुकानात काउंटरपाशी बस. हरभऱ्यावर, तुरीवर घाटेअळीचे दिवस असतात ते. कोणीतरी शेतकरी येऊन म्हणेलच, "अण्णा, हेच औषध आधी एका फवारणीत काम करायचं, यंदा तीन मारल्या तरी अळी मरंना." पप्पा त्याला दुसरी बाटली काढून देतील. तो गेल्यावर त्यांना विचार, की आधी मरणारी अळी आता का मरत नाही? त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकून घे, इतक्या वर्षांच्या धंद्यात त्यांनी बघितलेलं पुस्तकात नसेल. मग त्यांना सांग, की पहिल्या फवारणीत हजारातल्या ज्या चार-दोन वाचल्या त्यांचीच पिल्लं आता शेतात आहेत, त्यांची संख्या कशी वाढते ते काढायला गणित लागतं, आणि नेमकं हेच शोधायचं शिक्षण असतं, ते मला घ्यायचंय.

ते काय म्हणाले, ते मला नक्की कळव.